बद्द वाजलेला दगड

सर, काल दुपारी मी गुहेत जेवलो. इटलीच्या दक्षिणेला मातेरा म्हणून गाव आहे, अख्खी डोंगरकडा पोखरून केलेली घरं, हजारो वर्षांची. शारजातल्या माझ्या दुकानासाठी दगड बघायला आलो होतो; इथला व्यापारी म्हणाला, एवढं बघून जा. गुहेत पांढऱ्याशुभ्र चादरींची टेबलं आणि वाढायला सत्तरीची बाई, त्याच गुहेत जन्मलेली. आत बसलो आणि पहिली आठवण तुमची आली. प्रेमाने नव्हे.

सातवीचा वर्ग. आम्ही गावाबाहेर दगडखाणीत राहतो, कपारीला पुढून पत्रे लावून. इतिहासाच्या तासाला तुम्ही पुस्तक मिटता. "चित्र कशाला बघता रे? मागच्या बाकावर जिवंत बसलाय. ऊठ, आदिमानवा! तुमच्याकडे विस्तवाचा शोध लागला का?" वर्ग हसतो. माझे कान तेव्हाही तिखट; कोण किती हसलं ते आजही वेगवेगळं ऐकू येतं. सगळ्यात शेवटी थांबलं ते तुमचं हसू. वडील पाथरवट; घडवायला दगड घेताना ठोकून बघत. खणखणीत वाजला तर अख्खा, बद्द वाजला तर आत चीर. त्यांनी मला एवढीच विद्या दिली आणि तिच्यावरच माझं दुकान उभं राहिलं.

नव्वदनंतर कधीतरी तुम्ही शारजाला मुलाकडे आलात. त्याला जेवणाच्या टेबलासाठी संगमरवर हवा होता. मी पाठमोरा होतो, तरी आवाज ओळखला. तुम्ही मला ओळखलं नाहीत. "साहेब, फुटणार नाही ना?" मी तुमच्यासमोर तीन दगड ठोकले. तिसरा बद्द वाजला. तोच दिला. "इन्शाल्ला, नातवंडं जेवतील यावर." पुढच्या वर्षी शारजातल्या मराठी लोकांच्या गणपतीत तुमचा मुलगा कुणाला तरी सांगत होता, "अरे, बाबा जेवत होते आणि टेबल खलास! गरम आमटी सगळी मांडीवर." चार माणसांपलीकडून मी ते ऐकलं आणि आणखी एक मोदक घेतला. इतका गोड मोदक मी पुन्हा खाल्ला नाही.

तर ती बाई. तिचा मुलगा इंग्रजीत समजावत होता. शाळेत मास्तर तिला दाराशी बसवायचा, अंगाला खेचराचा वास येतो म्हणून. खेचरही याच गुहेत बांधलेलं असे. मी खुर्ची पुढे ओढली. "मग?"

"म्हातारपणी तो इथे जेवायला आला. पोटभर वाढलं. मग सांगितलं, मास्तर, दाराशी बसायची ती मुलगी मी. आणि तुम्ही बसलाय ना, तिथे आमचं खेचर असायचं."

"काय म्हणाला?"

"म्हणतोय कसला! आधी वाकून खुर्चीखाली बघितलं!"

मी खदखदा हसलो आणि हसताहसता माझंच हसू मला बद्द ऐकू आलं.

तिने तोंडावर सांगितलं, सर. तुमची मांडी भाजली, पण ती कुणी भाजली हे तुम्हाला कळलंच नाही. आता सांगायला तुम्ही नाही. हे कागद हॉटेलच्या खणातच राहतील. संधी तुम्हीच दिली होती. दुकानातून निघताना विचारलंत, "गाव कुठलं तुमचं?" मी म्हणालो, मुंबई. काउंटर मध्ये होता म्हणून तुम्हाला दिसलं नसेल, पण तेव्हा माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले होते, तुम्ही वर्गात उभं केल्यावर जायचे तसे.