डोक्यामागचं कापड

४ जानेवारी २००७
आजपासून रोज लिहायचं. उद्या केस झाली तर पुरावा हवा. वही कपाटात, किल्ली करगोट्याला. पार्वतीने विचारलं, वहीला कुलूप कनाला? बायकोने एवढी चौकशी का करावी?

विषय असा. सारंग एअरलाइन्सच्या सीटवर पॅसेंजर डोकं टेकतो, तिथलं कापड भिवंडीजवळ राहनाळला माझ्या आठ लूमवर विणलं जातं. 'सारंग' नाव कापडातच विणलेलं. दुसरं काम मी घेत नाही. आख्ख्या कंपनीचं डोकं माझ्या हातात आहे.

१९ जानेवारी, सकाळी
शेजारच्या कारखान्याचे अब्दुर्रहमानभाई चहाला आले आणि त्यांनी पेपर मोठ्याने वाचला. सारंग तोट्यात, विमानं उभी. मलाच का वाचून दाखवलं? वर सल्ला. नाव विणू नको, कोरा माल काढ, बिनरंगाचं ग्रे कापड कुठेपण खपतं. मग माझं कापड मानेला घासून म्हणाले, चुभतंय रे, सूत बदल. मऊ यार्नचं नाव पण सांगितलं. फसवायलाच असणार. लिहून ठेवत नाही.

२ फेब्रुवारी
सारंगचे खरेदीवाले साहेब फोन उचलत नाहीत. म्हणजे ऑर्डर वाढली, बिझी आहेत. फोनमध्ये खरखर येते. कोणीतरी ऐकतंय. पार्वती म्हणाली, परवा फोन कालवणात पडला व्हता. असेलही. पण पडला की पाडला?

२३ फेब्रुवारी
पेपरात पहिल्या पानावर 'सारंगचं टेकओव्हर'. पार्वतीला समजावलं, नाशिक हायवेला आपला ट्रक दुसऱ्याला मागे टाकतो ना, तेच. सारंग पुढे चालली. पेढे वाटले.

संध्याकाळी अब्दुर्रहमानभाई पेढा हातात धरूनच बसले. म्हणाले, अरे, ते ओव्हरटेक. टेकओव्हर म्हणजे दुसऱ्याने विकत घेतली. मी मनात म्हटलं, शब्द तेच, नुसते पुढचे मागे केले. मागचा पुढे आला की ओव्हरटेकच झालं ना? मग ते म्हणाले, माझ्याकडच्या लुंगीचं अर्धं काम तू घे, लूम थांबू देऊ नको. आता कळलं. मी लुंगीत अडकलो की विमानाची ऑर्डर हे घेणार. नाही म्हटलं. विमानवाला माणूस लुंगी विणणार?

९ मार्च
निर्णय! डबल शिफ्ट. नव्या मालकाला एकदम माल लागेल, तेव्हा भिवंडीत तयार फक्त माझ्याकडे. 'सारंग' अक्षरं आणखी ठळक केली.

पार्वती म्हणाली, इमान उबं हाय, डोकी कोनाची टेकनार? हे तिचं डोकं नाही, कोणीतरी शिकवलंय. माजिदाभाभी, म्हणजे अब्दुर्रहमानभाईंची बायको, काल शेवया घेऊन आली होती. लक्ष ठेवायचं. शेवया मी खाल्ल्या, पण जपून.

२ एप्रिल
सारंगच्या अंधेरीच्या ऑफिसला गेलो. बोर्ड बदललाय. नव्या साहेबाने उभ्यानेच सांगितलं, आता स्वस्तातली विमानं, सीट रेक्झिनची, डोक्यामागे कापड नाही. घाण झाली की पुसून टाकायची. मी विचारलं, पुसणार कशाने? साहेब हसला.

हसला. म्हणजे पुसायच्या कापडाची ऑर्डर अजून कोणाला गेलेली नाही.

१४ मे
कारागीर गावाला म्हणून गेले. त्यातला एक अब्दुर्रहमानभाईंच्या खिडकीत दिसला. मला बघून खाली वाकला.

२८ मे
भंगारवाला आला. आठही लूम वजनावर गेल्या. ठरवलं पार्वतीने, मी फक्त विरोध केला नाही. शेवटची उचलताना मीही हात लावला. खोटं कशाला लिहू, रडलो. शेडमध्ये खटखट नाही, तर स्वतःचा श्वास ऐकू येतो.

१ जून
शेडचं गोडाऊन केलं. विस्तार. भाडेकरू दापोड्याचा, किल्ली माझ्याकडे. सिक्युरिटी इन्चार्ज म्हटलं तरी चालेल. कसला माल, ते तो सांगत नाही. संशयास्पद आहे.

६ जून, दुपारी
माल आला. सारंगच्या विमानांतून काढलेल्या जुन्या सीटा. भंगारात जायच्या. वर माझं कापड तसंच.

मी कधी विमानात बसलेलो नाही. शटर खाली ओढलं. खिडकीकडची वाटली ती सीट निवडली. मागे डोकं टेकलं, डोळे मिटले.

टोचतं.

बाजूच्या सीटवर बसलो. तीही टोचते. सगळ्या टोचतात. एवढे लोक एवढी वर्षं मान खाजवत उडाले आणि कोणी एक शब्द बोललं नाही मला. एकजण बोलला होता.

पार्वती शटर उचलून डबा घेऊन आली. मी मान खाजवतोय ते बघितलं. डबा ज्यात बांधला होता ती लुंगी सोडली, घडी करून माझ्या डोक्यामागे ठेवली. अब्दुर्रहमानभाईंकडची. मऊ आहे.

जेवून वही सगळी चाळली. त्या मऊ यार्नचं नाव कुठेच नाही.