दगडातली झुरळीण

प्रिय छोटे,

झुरळाबद्दल लिहितेय म्हणून नाक मुरडू नकोस. लहानपणी झुरळ दिसलं की तू ओट्यावर चढायचीस आणि मी चप्पल घेऊन धावायचे. तीच मी आज दगडातल्या झुरळांच्या, म्हणजे त्यांच्या जीवाश्मांच्या अभ्यासावर पोट भरते, याचं आईला अजून हसू येतं.

परवा संग्रहालयात पाटीसारखा एक काळा दगड सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन सुईने कोरत होते. आधी पंख दिसला, शिरांसकट. वाटलं, ओळखीचंच आहे. मग मान अवघडेपर्यंत कोरलं, तर पोटाच्या टोकाशी एक लांब नळी उघडी पडली. अंडी घालायची. आजच्या झुरळिणींना अशी नळी नसते. त्या सगळी अंडी एका डबीत बंद करतात, काही जणी तर पिल्लं निघेपर्यंत ती अंगावर वागवतात. तीस कोटी वर्षांपूर्वीची ही बाई मात्र एकेक अंडं मातीत खोचून चालती होत असावी. झुरळ बदललंच नाही असं आपण म्हणतो ना, ते खरं नाही. पंख जवळजवळ तसेच राहिले, आईपण पार बदललं. त्याच घराण्यात पुढे वाळवी निघाली, आणि तिथे तर पिल्लांना अख्खं वारूळ वाढवतं.

हे कुणाला सांगू असं झालं होतं, तेवढ्यात तुझ्या नवऱ्याचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होता बिचारा. तू जेवत नाहीस, तान्ही लेक रडली तरी भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. मग तू फोन घेतलास आणि एवढंच म्हणालीस, "ताई, मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही गं." मी काही बोलायच्या आत ठेवूनही दिलास. त्यानंतर उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

बाईचं आणि किड्याचं एक नसतं, हे मला कळतं. तुला धडा द्यायचा नाहीये. तू वाईट आई नाहीस, आजारी आहेस. इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर हे बऱ्याच जणींना होतं आणि उपचारांनी बरं होतं. तुमच्या गावातल्या त्यांच्या डॉक्टर मैत्रिणीची वेळ घेतलीय, आपण दोघी जाऊ. दगड कपाटात ठेवला, रजा टाकली. पत्राच्या मागोमाग पोचतेच. रात्री बाळाला मी घेईन, तू झोप. आतापर्यंत आले ते सगळे बाळाला बघायला आले. मी तुला बघायला येतेय.

तुझीच,
ताई