काचेवरचा माऊस

सागर,

अकोल्याच्या डॉक्टरचा आजचा नंबर रद्द कर. माह्या हाताले काही झालं नाही. मी वावरात संत्र्याची कलमं बांधाले जाऊन राहिलो.

नर्सरीचं बिल बनवताना कम्प्युटरवरचा बाण थरथरे. मले वाटलं, तुह्या आज्यासारखा माहाही हात थरथरून राहिला. म्हणून कलमाच्या चाकूले हात लावणंच सोडलं होतं. आज सकाळी माऊस मांडीवर ठेवून फिरवला, त बाण एकदम सरळ चालला. टेबलावर ठेवला, का पुन्हा नाचाले लागला. दोष तू बसवलेल्या नव्या काचेचा. माऊसच्या पोटातल्या लाल लाइटले काचेवर काही दिसतच नाही. जुन्या माऊसची गोळी काढून कचरा पुसा लागे, ह्याले तशी झंझट नाही, पण ह्याचे नखरे वेगळे. खाली पुठ्ठा ठेवला आहे, तो उचलू नको. भरोसा नसन त हे अक्षर पाह्य.

तुही माय महिनाभरापासून मले अर्धाच कप चहा देते, सांडू नये म्हणून. तिनं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. तिले म्हण, आज कप काठोकाठ भर.

बाबा