दोन पावलं मागं सरका न

प्रिय इंदू,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. ज्योती सकाळच्या गाडीनं अकोल्याहून येतेय आणि येताना फ्रेम आणतेय. सोनेरी काठाची, खाली पितळी पट्टी, पट्टीवर तुझं नाव. कै. सौ. वगैरे सगळं कोरून झालंय म्हणे. फक्त आत घालायला फोटो नाही. तो मी शोधून ठेवायचा होता. फोनवर पोरीला दहा वेळा हो म्हटलं, आणि आज भर दुपारी फोटोंचे सगळे डबे पलंगावर पालथे घालून बसलोय. कूलरला या वर्षी नवा वाळा लावला नाही, त्यामुळे तो नुसताच गरम हवा फेकतोय. मी दमलो, इंदू. म्हणून तुलाच लिहायला घेतलं.

तू घरात असतीस तर इथूनच ओरडून विचारलं असतं, "इंदू, तुझा फोटो कुठं गं ठेवलाय?" आणि तू सैपाकघरातून म्हणाली असतीस, "काहाडला असन त सापडन न!"

बरोबर आहे तुझं. काढलाच नाही.

आयुष्यभर दोनच नाद केले आपण, घराची डागडुजी आणि फोटो. लोकांनी आपल्याला येडे म्हटलं. ले-आउटमधल्या त्या दोन खोल्यांच्या घराला आपण आपल्या हातांनी ओटा केला, माळा केला, न्हाणीघर केलं. न्हाणीघराचा उतार उलटा झाला तो आजतागायत तसाच आहे! मोरीकडे जायचं सोडून पाणी सैपाकघराच्या दाराशी येतं. फरशी बसवताना उताराची दोरी तू धरली होतीस की मी, यावर आपण वीस वर्षं भांडलो. मीच धरली होती. आता कबूल करायला काय जातंय?

त्याच न्हाणीघरात लाल बल्ब लावून आपण फोटो धुवायचो. तू पदर खोचून टबात कागद हलवायचीस आणि दोरीवर चिमट्यांनी टांगायचीस. शेजारच्या काकूंना वाटायचं, हे दोघं आत कोंडून घेऊन करतात तरी काय! तू त्यांना सरळ सांगितलंस, "काही नाही व काकू, वाघ धुवून राह्यलो."

वाघ कुठला? परतवाड्याहून जीपनं हाडं खिळखिळी करत सेमाडोहच्या जंगलात गेलो होतो आपण. मी हौसेनं अख्खा रोल वानरांवर उडवला, आणि शेवटचा फोटो काढून झाल्यावर दहा हातांवर गवा येऊन उभा. एवढं मोठं जनावर आणि माझ्या हातात रिकामा कॅमेरा. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. म्हणालीस, "त्याले म्हणा, थांब रे बावा, मी अमरावतीहून रोल घेऊन येतो." ते तुझं हसणं तरी टिपायला हवं होतं. पण रोल संपला होता, खरंच संपला होता. त्या एका वेळी माझा दोष नव्हता.

बाकीच्या वेळी होता.

आज तुझ्या चेहऱ्यासाठी मी काय काय पाहिलं, सांगू? आपल्या लग्नातला फोटो आहे, पण त्यात तू वीस वर्षांची. मागच्या खेपेला आली तेव्हाच तो पाहून ज्योती म्हणाली होती, "बाबा, हे नवरी मले वळखू नाही येत." मतदानाच्या ओळखपत्रावरचा आहे. तो पाहून तर ती रडायलाच लागली होती. "हे माही आई नोहोय, बाबा. तुमी जिंदगीभर फोटो काहाडले. माह्या आईचा एक धड फोटो नाही तुमच्यापाशी?" मग आज तिच्याच लग्नाचा अल्बम उघडला. त्यात तू सगळीकडे आहेस आणि कुठंच नाहीस. कुठं पाठमोरी, कुठं ताट वाढताना वाकलेली, पाठवणीच्या फोटोत तोंडावर पदर. एका कोपऱ्यात अर्धी दिसतेस. भिंग घेऊन तो अर्धा चेहरा पाहत बसलो आणि एकदम भिंग खाली ठेवलं. हे काम मी आधी केलेलं आहे, इंदू.

तुला ठाऊक आहे कधी. ती वर्षं आठवतात न? आपल्याकडचे कास्तकार एकामागून एक जीव देत होते, सकाळी पेपर उघडवत नव्हता. मी तहसील कचेरीत कारकून. पंचनाम्याला फोटो लागायचे, कचेरीकडे कॅमेरा नव्हता, आणि मी मूर्खासारखे आपले चिखलदऱ्याचे फोटो साहेबांना दाखवून शाबासकी घेतलेली. मग काय, जीप निघाली की मी जीपमध्ये. घराचा फोटो, गोठ्याचा फोटो, विहिरीचा फोटो. ते जमायचं. पण एका गावात निघताना एक बाई जीपपाशी आली. हातात कुणाच्या तरी लग्नातला फोटो, माणसंच माणसं. तिनं मागच्या ओळीत बोट ठेवलं. "सायेब, हे मांगं डोकं दिसते न, हेच थे. दुसरा फोटो नाही काहाडला कधी. येवढं मोठं करून देता काय?"

करून दिला. तेवढंसं डोकं मोठं करून करून शेवटी नुसते ठिपके उरले. तिनं फोटो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "हो. हेच हायेत." मग एकीनं दुसरीला सांगितलं. मी येणार म्हटलं की बाया फोटो घेऊन वाट पाहायच्या.

हे सगळं मी तुला सांगितलं नव्हतं. तरी तुला कसं कळायचं देव जाणे. मी गावावरून आलो की तू अंगणात घमेल्यात सिमेंट-रेती कालवून तयार ठेवायचीस. चहा नाही, पाणी नाही, आधी थापी हातात. मी म्हणायचो, "इंदू, जीव नाही माझ्यात आज." तू म्हणायचीस, "माल भिजवला हाये, वाया जाईन." मग आपण दोघं अंधार पडेपर्यंत गिलावा करायचो. मागच्या पडवीची अख्खी भिंत त्या दिवसांतली आहे. किती वाकडी झालीय ती! पण ती झाली म्हणून मी कामावर जाऊ शकलो. हे तुला कधी म्हटलं नाही मी. आज म्हणतो.

आणि तेव्हापासूनच मी माणसांचे फोटो काढणं सोडलं. कॅमेऱ्यातून कुणाचाही चेहरा पाहिला की त्याच्याभोवती मला फ्रेम दिसायची, हार दिसायचा. तुझा तर नकोच वाटायचा. तुझा फोटो काढला की तुला काहीतरी होईल, असं एक खुळं मनात बसलं. शिकलासवरला माणूस मी, पण बसलं. तू एकदा चिडून म्हणालीसही, "फोटो काहाडल्यानं मी काही मरत नाही." न काढल्यानं कुठं वाचलीस?

मग मी काय टिपायचो? भिंत. पूर्वेच्या भिंतीला भेग पडली तेव्हा आपण गफूरमिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी भिंतीवर हात फिरवून सांगितलं, "काली मट्टी का घर है, भाभी. उन्हाळे में सुकडेगा, पावसाळे में फुलेगा. हर साल नापो. बढ़ती नहीं तब तक डरने का नहीं." आपल्याला तेवढंच हवं होतं, दोन्ही नाद एकाच कामात! दर मे महिन्यातल्या एका रविवारी तू भेगेवर टेप आडवा धरायचीस आणि मी फोटो काढायचो. स्टुडिओतून धुऊन आला की मागं पेन्सिलीनं तू भेगेची रुंदी लिहायचीस, तीन सूत, वाढ नाही.

आणि दर वर्षी, टेप धरल्या धरल्या, तू म्हणायचीस, "दोन पावलं मागं सरका न. मी बी येईन त्याच्यात."

दर वर्षी मी म्हणायचो, "मागं सरकलो की भेग बारीक येते. मोजमाप चुकेल."

ते आठ फोटो आता माझ्यासमोर पलंगावर ओळीनं मांडलेत. आठही फोटोंत भेग तीच. गफूरमिस्त्रींची जबान खरी ठरली, आठ वर्षांत ती केसभरही हलली नाही. आज मी पहिल्यांदा भेग सोडून टेप धरणारा हात पाहिला.

पहिल्या वर्षीचा हात भरलेला आहे. मनगटावर हिरव्या बांगड्या घट्ट बसलेल्या, नखांत सिमेंट. साबण लावल्याशिवाय कासाराला तुझ्या हातात बांगडी चढवता यायची नाही. तिसऱ्या वर्षी अंगठ्यापाशी डाग आहे, ती दिवाळीची कढई. पाचव्यात अंगठीला दोरा गुंडाळलेला. म्हणजे तेव्हाच ती सैल व्हायला लागली होती! सहाव्यात बांगड्या मनगट सोडून मागं घसरल्यात. सातव्यात आणखी मागं. आठव्यात त्या पार कोपराशी जाऊन थांबल्यात आणि हातावरच्या शिरा मोजता येतात.

त्या आठव्या वेळी मी काय बोललो होतो, आठवतं तुला? "काय व इंदे, टेप सरळ धर न, हालून राह्यला." तू दुसऱ्या हातानं मनगटाला आधार दिलास. तोही फोटोत आलाय, बोटांपुरता. मी फोटो काढला, तू टेप गुंडाळलास आणि चहा ठेवायला गेलीस.

नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी छातीठोकपणे सांगितलं, "दिवाळीपासून." तीन-चार वर्षांचा पुरावा डब्यात होता, इंदू. माझ्याच हातानं काढलेला. सुताचा फरक ओळखणारा माणूस मी, आणि मी भिंत मोजत राहिलो.

तूही का नाही बोललीस गं? जेवण जात नव्हतं, ज्योतीला म्हणालीस उन्हाळ्यानं होतं. दोरा गुंडाळताना मला हाक मारायची. माझ्यावर ओरडायचं, कॅमेरा हिसकून घ्यायचा. न्हाणीघराच्या उतारावरून वीस वर्षं भांडलीस, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला गप्प बसलीस! कदाचित तुला वाटलं असेल, या माणसानं आधीच फार पाहिलंय. तसं असेल तर तुझा हिशेब चुकला. मला पाहायचं होतं.

की तू सांगतच होतीस? दोन पावलं मागं सरका, मी बी येईन त्याच्यात. आठ वर्षं हेच तर म्हणत होतीस. मी ते थट्टेवारी नेलं.

आठव्या फोटोच्या मागंही तुझंच अक्षर आहे. तीन सूत, वाढ नाही. ओळ खाली उतरत गेलीय. भेगेचं बरोबर लिहिलंयस तू.

गेल्या वर्षी मे महिन्यात फोटो काढायचा राहिला, तू दवाखान्यात होतीस. ज्योतीचं फ्रेमचं बोलणं सुरू झालं तसा मी आपला टाळत राहिलो. वाटलं, अल्बममधला अर्धा चेहरा मोठा करावा, तिला म्हणावं हीच आई. ती मानेलही. ती जीपपाशी उभी असलेली बाई मानली, तशीच मानेल. पण माझ्यानं ते होणार नाही. तुझे ठिपके नाही करायचे मला.

म्हणून ठरवलंय. उद्या ज्योती आली की तिला पलंगावर बसवीन आणि हे आठ फोटो ओळीनं दाखवीन. कधीपासून काय दिसत होतं आणि मला काय दिसलं नाही, ते सगळं माझ्या तोंडानं सांगीन. ती रागावेल. रागावू दे, तिचा हक्क आहे. फ्रेममध्ये पहिल्या वर्षीचा हात घालू म्हणेन, सिमेंट लागलेला, बांगड्या घट्ट बसलेला. पाहुणे तोंडात बोटं घालतील, आणि तुझी धाकटी बहीण तर गावभर करेल. पण हा हात कुणाचा, हे ज्योतीला विचारावं लागणार नाही. याच हातानं तिच्या वेण्या घातल्यात. तिला नाही पटलं तर फ्रेम रिकामी राहील. मी वाद घालणार नाही.

आणि एक शब्द देतो तुला. आज संध्याकाळी ऊन कलल्यावर राजकमल चौकात जाऊन नवा रोल आणतो. उद्या सगळं आटोपलं की पूर्वेच्या भिंतीपाशी ज्योतीच्या हातात टेप देईन. भेगेचा नववा फोटो काढायचाय. तिला वाटेल, बाप नेहमीसारखा भिंतीला चिकटून उभा राहणार. पण मी मागं सरकेन, इंदू. दोन पावलं पुरली नाहीत तर चार. भेग बारीक येऊ दे, मोजमाप चुकू दे. ज्योती पूर्ण फोटोत येईपर्यंत मी बटण दाबणार नाही.

तुझा,
मधुकर