आधी काय, ते ठरेपर्यंत

अल मवालेह, मस्कत
१० जानेवारी २०२५

ती. देविकाताईस,
धाकट्या क्षितिजचा प्रभू येशूत सलाम. वि. वि. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे.

अर्बाबने, म्हणजे भाजीफळांच्या बाजारातल्या आमच्या मालकाने, रजा दिली. तुझ्या रेवाच्या बाप्तिस्म्याला मी येतो. पण तिचा धर्मबाप म्हणून उभा राहू का, ते ठरत नाही. शुक्रवारच्या उपासनेनंतर इथल्या मंडळीतले बाळकृष्णकाका सांगतात, की माणूस आधी विश्वास ठेवतो, मग देव त्याला नवा जन्म देतो. त्याच मंडळीतला धनंजय म्हणतो, पापात मेलेला माणूस विश्वास ठेवील कशाने? आधी देव नवा जन्म देतो, मगच विश्वास येतो. मला दोघांचंही पटतं. रेवाच्या वतीने मी विश्वासाची कबुली द्यायची, आणि माझाच विश्वास कुठून सुरू झाला हे मला सांगता येत नाही. चुकीचं बोललो तर? म्हणून तिथल्या आपल्या पाळकसाहेबांनाही स्वच्छ अक्षरात लिहून विचारलं आहे. तू काळजी करू नकोस.

रेवाला पापा. माझ्यावर लोभ आहे तसाच असू दे.
तुझा क्षितिज

वेंगुर्ले
१९ जानेवारी २०२५

चि. क्षितिजला,
अनेक आशीर्वाद, जरी आज ते द्यावेसे वाटत नाहीत.

काळजी करू नकोस म्हणालास आणि काळजीच पाठवलीस. तुझं पत्र वाचून पाळकसाहेबांना वाटलं, घरातूनच बाप्तिस्म्याला हरकत आहे. त्यांनी ते मंडळीच्या पंचांपुढे ठेवलं आणि तारीख पुढे गेली. सासूबाई मालवणहून येऊन बसल्या आहेत. रोज विचारतात, तुझ्या भावाचं ठरलं का. बाजारात केळ्यांचे घड पारखतोस तसा आता देवालाही पारखत बसला आहेस.

रेवा जन्मली तेव्हा रडली नव्हती, हे तुला ठाऊक आहे. नर्सने तिच्या छातीत हवा भरली, मग ती रडली. तेव्हा आधी काय नि मग काय, हे मी कुणाला विचारत बसले नाही.

पाळकसाहेब म्हणाले, धर्मबापाला प्रश्न एकच असतो: या लेकराच्या वतीने तू ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का? होय की नाही, तेवढं कळव. नाही म्हणालास तर मी माझ्या नणंदेच्या, विशाखाच्या नवऱ्याला विचारते, तू नुसता जेवायला ये.

वेळेवर जेवत जा. रागावलेली, तरी तुझीच
देविकाताई

अल मवालेह
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सलाम. वि. वि. तुझं पत्र मी ट्रकमधला माल उतरवताना उभ्याउभ्या वाचलं. त्या प्रश्नाशी आलो आणि तोंडातून मोठ्याने 'होय' निघून गेलं. शेजारच्या मुनीरभाईंना वाटलं, त्यांनाच म्हणालो. त्यांनी कांद्याची आणखी एक गोणी माझ्या खांद्यावर ठेवली. वर म्हणाले, वाचायचं तर बसून वाच, नाहीतर यल्ला, चल, कामाला लाग.

मला माझाच राग आला. इतके दिवस तोलत बसलो आणि उत्तर मला न विचारता बाहेर पडलं. ताई, ते 'होय' मी जुळवलेलं नव्हतं, आत होतंच. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, ठाऊक नाही. मी ठेवलं नाही, एवढं नक्की. हे ऐकून धनंजय जिंकल्यासारखा हसला. बाळकृष्णकाका म्हणाले, पण म्हणालास तर तूच ना. दोघे पुन्हा भांडायला बसले, मी उठून आलो.

पाळकसाहेबांना 'होय' कळवलं आहे. तारीख तू ठरव.

आता एकच भीती आहे, बाप्तिस्म्याला रेवाला धरून उभं राहण्याची. इतकं लहान मूल मी कधी हातात घेतलेलं नाही. एक हात मानेखाली, मग दुसरा कुठे, ते नीट लिहून पाठव. राग ओसरला नसला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा
क्षितिज