लाल रेघेचे चार टायर

सोमवार, १५ जून १९९८. संध्याकाळी ६.४०.
गॅरेजच्या फरशीवर आडवा होऊन बाबांच्या अडुसष्ट सालच्या जीटीओ गाडीचा पुढचा टायर टेपने मोजत होतो. बाबा आत आले. म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरने आजपासून गाडी चालवणं बंद केलंय. मी टेप न हलवता वाईट वाटल्याचे सांगितले. मग म्हणाले, अठरा जुलैला फेअरग्राउंडवर जुन्या गाड्यांचा मेळा आहे. तीस मैल. मला या गाडीतून जो नीट नेईल, गाडी त्याची. तू नाहीतर रेनी. आधी तू, लहान आहेस.
गाडी माझीच. रेनी माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि बेकरीची व्हॅन चालवते. पण कारखान्यातून निघताना जीटीओच्या टायरवर कसली रेघ होती, हे तिला विचारा.

बुधवार, १७ जून.
गाडीला सध्या रेडियल, म्हणजे आजकालच्या पद्धतीचे टायर आहेत. लाज. अडुसष्ट साली ती तिरप्या धाग्यांच्या, म्हणजे बायस-प्लाय टायरवर बाहेर पडली. मेळ्यातले परीक्षक याचे गुण कापतात.
निश्चय: १) अस्सल टायर. २) उद्यापासून रोज अर्धा तास गाडी चालवण्याचा सराव.

गुरुवार, १८ जून.
सराव केला नाही. चुकीच्या टायरवर सराव केल्यास हाताला चुकीची सवय लागते.

रविवार, २१ जून.
तीन कॅटलॉग वाचले. पांढऱ्या अक्षरांचे टायर नंतरच्या सालचे. बाद. पांढऱ्या पट्ट्याचे म्हणजे चर्चला जाणाऱ्या मावश्यांचे. बाद. लाल रेघ. निर्णय झाला.
बाबा म्हणाले, रेघ हवी ती घे, पण टायर रेडियल घे. ते जुने टायर कुत्र्यासारखे रस्त्यातली प्रत्येक चाकोरी हुंगत जातात. त्यांची तब्येत पाहता मी वाद घातला नाही. लाल रेघेचे रेडियल मिळतात, हे मलाही माहीत आहे. तो खोटेपणा आहे.
रेनी म्हणाली, गॅऱ्या, तुला बाबांना न्यायचंय, टायरना नाही. संकुचित दृष्टी. तरी तिच्याकडून चारशे डॉलर उसने घेतले. एकही प्रश्न न विचारता दिले. संशयास्पद.

गुरुवार, २ जुलै. दुपारी ३.१५.
टायर आले. रेघ निळी.
चारही तपासले. चारही निळे. थोडा वेळ पायरीवर बसलो. मग कंपनीला दोन पानी पत्र लिहिले. शुद्धलेखनासाठी तीनदा उतरवून काढले. ‘निष्काळजीपणा’ एकदा, ‘विश्वासघात’ दोनदा. टपालपेटीत टाकून आलो. आता बरे वाटते.

शुक्रवार, ३ जुलै.
पुरावा म्हणून एक टायर वॉली प्रुइटच्या टायरच्या दुकानात नेला. वॉलीने अंगठा जिभेला लावला आणि निळ्या रेघेवरून फिरवला. खाली लाल.
म्हणाला, अरे राजा, हा निळा लेप वाटेत रेघ मळू नये म्हणून असतो. साबणपाण्याने जातो. मग आतल्या दोघांना हाक मारून म्हणाला, या रे या, ह्याने कंपनीला पत्र लिहिलंय! असे वर्षाला दोन तरी येतात म्हणे. म्हणजे मी एकटा नाही.
घरून गाडीची चारही चाके आणि बाकीचे टायर आणले. ते बसवून देताना त्याने सल्लाही दिला, की हात सैल ठेव, स्टिअरिंग आवळलंस तर हे तुला नाचवतील. टायर चाटणाऱ्या माणसाचे किती ऐकायचे?

सोमवार, ६ जुलै.
सरावाला निघालो होतो. तेवढ्यात लक्षात आले की नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. ते शाबूत असले तर परीक्षक खूश होतात. रस्त्यावर गेलो तर झिजतील. गाडी आत लावली. आता थेट अठरालाच काढायची. यालाच शिस्त म्हणतात.

शुक्रवार, १७ जुलै.
चर्चच्या हॉलमध्ये जेवण: मासे आणि पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या. बाबा टेबलाटेबलावर जाऊन सांगत होते, उद्या आमचा गॅरी मला घेऊन जाणार. शेजारच्या मिसेस झिम्नींनी विचारले, चालवून बघितलीस का रे? मी म्हणालो, रोज. मनात चालवली होती.

शनिवार, १८ जुलै. रात्री ९.
क्रमाने लिहितो.
७.१० ला निघालो. बाबा शेजारी, रेनी मागे, मांडीवर बेकरीचा डबा. पहिल्याच वळणापासून खालून धबधब आवाज. ॲक्सल गेला असे समजून थांबलो. रेनी खात खात म्हणाली, काही नाही रे, टायर पंधरा दिवस एका जागी उभे होते ना, खालून चपटे झालेत. तापले की होतील गोल. तुला कसे ठाऊक, विचारले. सोळाव्या वर्षी बाबांनी मला याच गाडीवर शिकवलं, म्हणाली. तेव्हा टायर असलेच होते.
हे मला कोणी सांगितले नव्हते.
पुढे ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. गाडी डावीकडे गेली, मी उजवीकडे ओढली, ती जास्तच उजवीकडे गेली. मी आणखी घट्ट धरले. वेग ताशी अठ्ठावीस मैल. गाडीमागे होडी बांधून नेणारी एक बाई मागून हॉर्न वाजवत पुढे गेली. नंतर ट्रॅक्टर. त्यावरच्या माणसाने टोपी काढली.
बाबांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले. मला वाटले घाबरले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, अरे हीच ती! अश्शीच धावायची! तुझ्या आईला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा ती दार धरून किंचाळत होती!
मी जिंकलो होतो. असे मिनिटभर होते.
मग म्हणाले, बाळा, बाजूला घे. रेनीला दे जरा. मला साठवर बघायचीय, जोवर दिसतंय तोवर.
रेनीने दोन बोटांनी चालवली.
मेळ्यात परीक्षकाने टॉर्च घेऊन गुडघे टेकले. टायर: दहापैकी दहा. कोणी निवडले, विचारले. मी हात वर केला. सॉसेजच्या गाडीपाशी बाबांनी किल्ली रेनीच्या हातात ठेवली, भाषण न करता. मी रबराचे केस मोजत होतो. बरेच गेले होते.

रविवार, १९ जुलै. दुपारी २.
रेनी म्हणाली, टायर गाडीलाच राहू दे, बाबांना आवडलेत, दर रविवारी त्यांना फिरवीन. मला द्यायचे चारशे विसर. मी साफ नकार दिला. टायर माझे आहेत. तिच्या गाडीवर ते उसने राहतील, माझ्या लेखी अटींवर: ओला रस्ता नाही, खडी नाही, पंचावन्नच्या वर नाही. तिने कागद वाचला, छान अक्षर आहे म्हणाली, आणि बाबांना घेऊन गेली. पाऊस पडतो आहे. बाबांचे हसणे कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होते.

टायर चार: ५९६ डॉलर. पाठवणी: ४८. बसवणी: ४०. एकूण ६८४.
पैकी स्वतःचे: २८४.
रेनीचे देणे: ४००. पूर्ण फेडणार.