सुलतानांच्या दाईशेजारची जागा

इत्तो, तुला आणि घरच्या सगळ्यांना मेकनेसहून तुझ्या भावाचा, बासूचा सलाम.

माझी काळजी करू नकोस. खोकला कमी आहे, महालातलं चहाचं काम हलकं आहे. शेळी व्याली का? छप्पर अजून गळतं का?

नव्या सुलतानांनी आपल्या वडिलांना उकरून संगमरवरी कबरीत नेलं, हे बाजारात ऐकशीलच. त्याआधी माझ्याकडून ऐक. थोरले सुलतान मरताना म्हणाले होते, "मला दूध पाजणाऱ्या दाईशेजारी मातीत ठेवा, पुन्हा हलवू नका." तेव्हा खोलीत मी आणि माझ्यासोबतचा चाकर हम्मू, दोघंच होतो. कबर हलवण्याआधी काजींनी विचारलं तेव्हा हम्मूनं सगळं सांगितलं. काजी म्हणाले, "एकाची साक्ष धरता येत नाही. बासू, तू ऐकलंस?" नवे सुलतान माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "मी चहा ओतत होतो, सरकार."

बाहेर आल्यावर हम्मू एवढंच बोलला, "गोड झाला होता का रे चहा, म्हाताऱ्या?"

खोदताना आडोशाची चादर धरायला मलाच उभं केलं. शेजारच्या दाईच्या कबरीची मातीही ढासळली. सगळे गेल्यावर ती मी हातांनी सारखी केली, पण पहिल्यासारखी झाली नाही.

तू मला सांगून ठेवलं आहेस, आईशेजारी अंजिराखाली पुरा म्हणून. इत्तो, शेजारच्या दोघांना बोलावून त्यांच्यासमोर ते पुन्हा सांग. एकट्या माझ्यावर विसंबू नकोस.

खाली मान घालून,
तुझा बासू